मला न विचारता नेलेली राख

४ नोव्हें., सोम.

पेपरात फोटो आला. आतल्या पानावर, पण चांगला मोठा. रत्ना पिंपळाच्या रोपाशेजारी मांडी घालून बसलीय, मागे काटेरी तारा, दोन्ही बाजूंना सिक्युरिटीवाले. पदर अगदी जागेवर. नणंदबाईंचा पदर आयुष्यात कधी जागेवर नव्हता, नेमका परवाच बरा होता.

मथळा: ‘भावाच्या अस्थींसाठी बहिणीने मोडला मनाईहुकूम’. मग ह्यांच्याबद्दल. नागरी हक्कांसाठी झिजलेले प्रभाकरभाऊ, निंबाळीच्या मसणवटीचा लढा जिंकलेले, वगैरे. मग र.बद्दल. अंगणवाडीतली साधी मदतनीस, पण रक्त भावाचंच. सगळ्यात शेवटी एक ओळ: ‘त्यांच्या पश्चात पत्नी आहे.’

पत्नी आहे. जशी खुर्ची आहे, पंखा आहे.

शेजारच्या काकू पेपर घेऊन आल्या. "तुमची नणंद म्हणजे वाघीण आहे हो!" चहा दिला. साखर मुद्दाम कमी घातली.

५ नोव्हें., मंगळ.

झालं ते लिहून ठेवते. पुढे जो तो आपापलं सांगेल.

शनिवारी मी बँकेत गेले. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. र. चार दिवसांपासून माझ्याकडेच होती. म्हणाली, "जाय तू, भाताचं मी पाहून घेईन." बँकेत माझा अंगठा मशीनवर उमटेना. घासला, पुसला, क्रीम लावलं, तिथेच दुपार झाली. घरी आले तर भात झालेला, र. नाही, आणि ह्यांच्या फोटोपुढचा स्टीलचा डबाही नाही. डब्यात ह्यांच्या अस्थी होत्या. हे जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

मग पोलीस ठाण्यातून फोन, र.ला धरलंय. रात्री जामिनावर सोडली.

निंबाळी आता जुन्या जागी नाही. ती जमीन कोळसा खाणीची माती टाकायला गेली, गाव रस्त्याकडेला आलं. जुनी मसणवट, नाला, सगळं तारेच्या आत. आत पाय ठेवायचा नाही, असा हुकूम. र. तारेखालून शिरली, खड्डा केला, राख टाकली, वर रोप लावलं, आणि ‘निघा’ म्हटल्यावर निघाली नाही. बस, एवढंच. मी तिकडे जिवंत असल्याचं सिद्ध करत बसले नि इकडे ही अमर झाली.

राख माझी होती. असं लिहिताना कसंतरीच वाटतं. पण होती.

७ नोव्हें., गुरु.

सावनेरला जबाब द्यायला गेले. ठाणेदार तरुण, बोलायला गोड. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, केस छोटीशी आहे. अस्थी तुमच्या घरी होत्या. तुम्हीच पाठवलं असेल ना ताईंना? घरच्यांनी मिळून ठरवलं, भावनेच्या भरात झालं, असं लिहून टाकतो. कंपनीलाही बात वाढवायची नाही."

माणूस सरळ दार उघडून देत होता. हो म्हणायचं, चहा प्यायचा, घरी यायचं.

मी म्हटलं, "मला न विचारता नेल्या."

त्याचं पेन थांबलं. "असंच लिहू?"

"झालं ते लिहा."

सही केली. उभी हयात शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. मी तरी कुठे खोटं बोलले? बसमध्ये मात्र चिंच चाखल्यासारखं तोंडाला पाणी सुटलं होतं. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१२ नोव्हें., मंगळ.

अंगलट आलं.

र.ची केस घेतलेल्या वकिलांचा फोन. ‘न विचारता’ म्हणजे चोरी, असं सरकारी बाजूचं म्हणणं. आधी नुसतं मनाईच्या जागेत शिरणं होतं, आता चोरीचं कलमही. आणि सरकारी साक्षीदारांत पहिलं नाव माझं. "वहिनी, तुम्ही बोललात तरी कशाला?"

काय सांगणार. चोरी सिद्ध झाली तर र.ची अंगणवाडी सुटेल. नवऱ्यानं टाकल्यापासून तिला तेवढाच आधार. हे मला जबाब देताना माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नव्हतं, एवढंच. की सुचू दिलं नाही, कोण जाणे.

१६ नोव्हें., शनि.

र. आली. पिशवीभर संत्री घेऊन.

मी भांडणाच्या तयारीत होते. उत्तरं पाठ केली होती. ती खाली बसली, संत्री सोलायला लागली.

"तू काहून घाबरून राहिली वं वयनी? खरं तेच सांगितलं तू. म्या कुठं पुसलं होतं तुले."

"का नाही विचारलंस? मी नाही म्हटलं असतं?"

"नाही कायले म्हणशीन. तू म्हटलं असतं, आंधी अर्ज करू."

म्हटलंच असतं. अर्ज, मग स्मरणपत्र, मग मुदतवाढ. तोवर पुढचा नोव्हेंबर आला असता.

रागावली असती तर बरं झालं असतं. शत्रू म्हणून तरी तिनं मला मोजलं असतं. संत्री गोड होती, मेली.

१९ नोव्हें., मंगळ.

आज उगाच जुनं आठवत बसले. लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला गेलो, तर र. बरोबर. बसली कुठे, मधल्या खुर्चीवर. दोघं बहीण-भाऊ पूर्ण वेळ खुसुखुसु हसत होते आणि मी पडद्याकडे बघत होते. सिनेमा काय होता ते आता सांगता येणार नाही.

घरीही तेच. माझ्याशी बोलणं म्हणजे उद्याची सभा, परवाचं निवेदन. ह्यांचं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, त्यामुळे सगळी निवेदनं माझ्या अक्षरात. हे सांगायचे, मी लिहायची. र. आली की स्वयंपाकघरात पाटावर बसून हसणं. कशाला हसता विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, आमचं लहानपणचं."

आणि दवाखान्यातले शेवटचे दिवस. शुद्ध धड नव्हती. पाणी पाजलं की म्हणायचे, "रत्ना, तू जेवली का वं?" पहिल्या दिवशी मी सांगितलं, मी रत्ना नाही. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. मग सांगणं सोडलं. "हो दादा, जेवली," म्हटलं की शांत झोपायचे.

हे मी कोणाला सांगणार नाही. तिला तर नाहीच.

२४ नोव्हें., रवि.

सदर भागातल्या हॉलमध्ये ह्यांच्या स्मरणार्थ एका प्राध्यापकसाहेबांचं व्याख्यान. विषय ‘लोकनेता आणि शोकनायिका’. लोकनेता म्हणजे हे. शोकनायिका कुठल्याशा जुन्या परदेशी नाटकातली राजकन्या, आणि तिच्या आडून र.

राजा हुकूम काढतो, की हिच्या भावाला कोणी माती द्यायची नाही. ही देते. पकडली जाते, हटत नाही, मरते. प्राध्यापक म्हणाले, "प्रभाकरभाऊ आणि ही राजकन्या, दोघांनीही हुकमापेक्षा माणुसकी मोठी मानली. आणि आज आपल्यात अशी एक बहीण बसली आहे..." टाळ्या. र. पहिल्या रांगेत, मधोमध. मीही पहिल्याच रांगेत, पण कडेला, स्पीकरच्या खोक्यामागे.

नंतर पोरीबाळींनी र.बरोबर फोटो काढले. एकीनं पाया पडायला वाकताना हातातला पुष्पगुच्छ माझ्याकडे दिला. "काकू, जरा धरता का?" धरला.

चहाच्या वेळी प्राध्यापकांना गाठलं. "सर, त्या राजकन्येला घरात आणखी कोणी नव्हतं?"

"होती ना, एक बहीण होती. ती बिचारी कायदा पाळणारी. आधी घाबरते. मग म्हणते मलाही शिक्षा द्या, तर नायिका तिला झिडकारते. तू नव्हतीस म्हणते."

"पुढे काय होतं तिचं?"

समोसा हातात तसाच धरून ते विचारात पडले. "पुढे... पुढे ती नाटकात येत नाही बहुधा."

समोसा मीही घेतला होता. अर्धा टाकून दिला.

२५ नोव्हें., सोम.

प्राध्यापकांचं चुकलं. सकाळपासून डोक्यात तेच.

हे आणि र. सारखे नाहीतच. ह्यांना हुकूम मोडायचा असला की आधी ठाण्यात लेखी कळवायचे. अमक्या दिवशी, अमक्या वेळी आम्ही तुमचा हुकूम मोडणार आहोत, सोबत वस्तीतल्या बायाबापड्या असतील, लाठी सांभाळून चालवा. माझ्या अक्षरात, खाली ‘आपला विश्वासू’. मागणी एकच, हुकूम बदला. बदलला की घरी येऊन गाढ झोपायचे. र.नं कोणाला कळवलं? तिला हुकूम बदलायचाच नाही. तिला आपला भाऊ हवा, आपल्या जागी. उद्या दुसऱ्या कोणाची राख तिथे जाऊ दिली नाही, तर हिला त्याचं सोयरसुतक नाही. ह्यांचा कायदेभंग गावाचा होता, हिचा घरचा. नेता आणि नायिका एका मापात बसतात असं प्राध्यापकांना वाटतं, कारण त्यांना दोघांपैकी एकाचंही धुणं धुवावं लागलेलं नाही.

दुपारी पेपरातला फोटो पुन्हा काढला. भिंगातून पाहिला. रोपामागे दगडी काठ. म्हणजे नाला.

र.नं ह्यांची राख नाल्याकाठी टाकलीय!

निंबाळीला मसणवटी दोन होत्या. गावाची वर माळावर, टिनाच्या शेडची. आपल्या वस्तीची खाली नाल्याकाठी, चिखलात. सासूबाईंची चिता तिथेच पावसात अर्धी राहिली. हे तेव्हा शाळेत होते. तिथून पुढचं सगळं सुरू झालं. माळावर सगळ्यांचं मरण एका जागी व्हावं म्हणून मार खाल्ला, कोर्ट केलं, तुरुंग केला, जिंकले. वस्तीतलं पहिलं प्रेत माळावर गेलं त्या दिवशी लहान पोरासारखे रडले होते. आणि त्यांना सख्ख्या बहिणीनं उचलून परत नाल्याकाठी नेऊन ठेवलं.

प्राध्यापकांना हे माहीत नाही. पेपरवाल्याला नाही. मला माहीत आहे.

भांडी घासताना गुणगुणत होते, हे नंतर लक्षात आलं.

१ डिसें., रवि.

मुद्दाम गेले. सावनेरची बस, पुढे ऑटो. र. अंगणात तांदूळ पाखडत होती. मी बसलेसुद्धा नाही. सगळं बोलून घेतलं. ज्या जागेतून माणसं बाहेर काढायला त्यांनी आयुष्य घातलं, तिथेच तू त्यांना पुरलंस. कसली बहीण तू? लोक टाळ्या वाजवतात, त्यांना काय माहीत.

तिनं सूप खाली ठेवलं.

"मले ठाऊक नाही का कोणती जागा हाय ते?"

"मग?"

"सगळ्याइले माळावर जागा भेटली. दादानं भेटवून देल्ली. मायच तेवढी राह्यली ना वं नाल्यावर. तिले कोणं नेलं माळावर?"



"दादा म्हणे, आता तिकडे कोणी जायचं नाही, ते दिवस गेले. मंग कोणीच नाही गेलं. मीच जात होती. दिवा ठेवून येत होती. दादाले नाही सांगितलं कधी, त्याले वाईट वाटलं असतं." मग सूप पुन्हा हातात घेतलं. "आता दोघं हायेत."

तिची चूक धरायला गेले होते. ती चूक नव्हतीच.

जेवून जा म्हणाली. नाही जेवले. बसमध्ये खिडकीशी बसून एकच विचार. तिथे माय आहे, लेक आहे, उद्या र.सुद्धा जाईल. मी मेल्यावर मला कुठे नेणार? चाळीस वर्षांच्या संसाराला नाल्याकाठी हातभर जागा नाही, माळावरही नाही. माळ तर आता मातीखाली गेला.

तिच्याकडे दर वेळी काहीतरी असतं, जे माझ्याकडे नसतं. आता सासूसुद्धा तिचीच.

९ डिसें., सोम.

वकिलांकडे गेले. विधानसभेच्या अधिवेशनामुळे सदर भागात जागोजागी बॅरिकेड, मोर्चे, पोलीस. एका मोर्चात ओळखीचं कोणी दिसतं का म्हणून सवयीनं बघत राहिले.

वकील म्हणतात, र. हट्टाला पेटलीय. कोर्टात दोन्ही गुन्हे कबूल करणार. माफी मागणार नाही, दंडही भरणार नाही, आत टाका म्हणणार. चोरीसुद्धा कबूल! "तिनं तोंड उघडायच्या आधी तुम्ही उभं राहून सांगितलं, की माझी संमती होती, जबाब मी रागात दिला, तर चोरी उडेल. मग उरतं ते किरकोळ. नोकरीही वाचेल."

"म्हणजे खोटं बोलू?"

"जबाब फिरवला तर तुमच्यावरही येऊ शकतं, हे आधीच सांगतो. विचार करा."

संध्याकाळी र.ला फोन लावला. म्हटलं, मी सांगते कोर्टात, दोघींनी मिळून ठरवलं होतं, डबा मीच दिला. वाटलं, रडेल. 

"नाही वं वयनी. तू नव्हती तिथं."

"डबा माझ्या घरातला होता!"

"डबा होता. तू बँकेत होती."

फोन आपटला. अंगाचा तिळपापड झाला. गुन्हासुद्धा वाटून घेऊ देत नाही ही बाई. ह्यांचं हसू घेतलं, शेवटचं नाव घेतलं, राख घेतली. आता तुरुंगही एकटीलाच पाहिजे.

जाऊ दे आत. मला काय त्याचं.

११ डिसें., बुध.

मला काय त्याचं, असं लिहून दोन दिवस झाले. दोन दिवस धड जेवण गेलं नाही. हिवाळ्यात तिचे गुडघे धरतात. आत खाली झोपवतात.

पण म्हणून मी कशाला खोटं बोलू? आणि खरं म्हणजे काय? विचारलं असतं तर दिलाच असता ना डबा. अर्ज केला असता, नामंजूर झाला असता, मग? मग काय केलं असतं मी? हे मला कळलं असतं तर पुढचं सगळं सोपं होतं. तिनं मला ते कळायची संधीच दिली नाही. खरा राग त्याचा आहे.

१७ डिसें., मंगळ.

उद्या कोर्ट. वकील गाडीनं नेणार म्हणून र. आजच आली. दुपारी चहा झाला. फारसं बोलणं नाही. मी काय ठरवलंय ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ठरवलेलं असतं तर सांगितलं असतं.

मग रिकामी कापडी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. शाळेत उशिरा आलेली पोर उभी राहते तशी.

"वयनी, आत काय काय न्या लागते वं? दादाले कधी पुसलंच नाही म्या."

मी बघतच राहिले. दादाचं काय काय माहीत होतं हिला. काय खातो, कशाला हसतो, कशाला घाबरतो. हे नव्हतं माहीत. ह्यांची तुरुंगाची पिशवी प्रत्येक वेळी मी भरली, आणि इतक्या वर्षांत ते कोणालाच, ह्यांनासुद्धा, विचारावंसं वाटलं नाही.

बस म्हटलं. सांगितलं. साबण अर्धा कापून न्यायचा, अख्खा असला की कोणीतरी लांबवतं. दात घासायला कडुलिंबाच्या काड्या. गूळ-शेंगदाणे कागदात नाही, फडक्यात. शाल दुहेरी. आणि नाडीचं काही चालत नाही, काढून घेतात, मग परकर हातानं धरून फिरावं लागतं. ह्यांच्या पायजम्यांत मी इलॅस्टिक घालून द्यायची.

"हे मले कोणी सांगितलं नसतं, पाह्य," र. म्हणाली. डोळे मोठे करून ऐकत होती. मास्तरीण असताना वर्गात जसा चढायचा तसा आवाज चढला माझा, ते मला कळत होतं. चढू दिला.

इलॅस्टिकचं बंडल काढलं. तिच्या परकराची नाडी ओढून काढली, पिनेला इलॅस्टिक अडकवून ओवायला घेतलं. ती शेजारी बसून बघत होती. ओवून झालं, गाठ मारली, ताणून पाहिलं. मग उठले, कपाटातून माझा परकर काढला आणि त्याचीही नाडी ओढली.

"तुहा काहून वं?"

"इलॅस्टिक उरलंय."

 ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग स्वयंपाकाला उठली.

कोर्ट अकराला. तिच्याआधी उभं राहायला जमेल की नाही, माहीत नाही. ती नेहमी माझ्याआधीच उठते.